फ्लेक्सवरचा वकील

गुलबर्ग्यात वकिलाचा काळा कोट भाड्यानं मिळतो, हे मला विद्यापीठात गेल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. एका दांडीवर नवरदेवाच्या शेरवान्या, दुसऱ्या दांडीवर वकिलांचे कोट, आणि मधल्या फळीवर शाळेच्या गॅदरिंगला लागणारे पुठ्ठ्याचे मुकुट. दुकानदार गिऱ्हाइकाकडं एकदा बघायचा आणि विचारायचा, "शादी या कोर्ट?" माप तो डोळ्यांनीच घ्यायचा.

कागदावर शहराचं नाव कलबुरगी, आमच्या तोंडात गुलबर्गाच राहिलं. शहर तेजीत होतं. पूर्वी तुरीच्या डाळीसाठी ओळखलं जायचं, आता पदव्यांसाठीही. प्रत्येक कॉलेजामागं दहा वसतिगृहं, प्रत्येक वसतिगृहाखाली एक झेरॉक्सचं दुकान, आणि प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडं पाच वर्षांच्या कायद्याच्या नोट्स शिवून तयार. आमचं विद्यापीठ सरकारी होतं. प्राध्यापक इंग्रजीत सांगत, कन्नडात समजावत आणि कंटाळले की दखनीत टोमणे मारत. मी सगळं मनात मराठीत करून घ्यायचो, म्हणून वर्गात कायम एक वाक्य मागं असायचो. हसायलासुद्धा मला उशीर व्हायचा.

आमचं घर कमठाण्याला, बिदरजवळ. घरात तीन माणसं. अप्पा बिदरलगतच्या कोळारमधल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. आई मी लहान असतानाच गेली. आत्या अप्पांची थोरली बहीण, ते तिला अक्का म्हणतात. तिचा नवरा वारला, पोटी मूल नव्हतं. ती मला वाढवायला म्हणून माहेरी आली आणि राहिली. नवऱ्याच्या वाटणीची दोन एकर जमीन मात्र तिनं सोडली नव्हती. टमटमनं जायची, तूर करायची, संध्याकाळी परत यायची. जमीन कोळारच्या बाजूला होती. कारखाने आणि गोदामं सरकत सरकत तिच्या बांधापर्यंत आली, तेव्हा इतकी वर्षं एका लुगड्यानंही विचारपूस न केलेल्या तिच्या दिरांना अचानक वहिनीची आठवण झाली.

घराच्या भिंतीवर एकच फोटो आहे. निळा कोट, चष्मा, हातात जाड पुस्तक. आमच्यासारख्या घरांत तो कोणाचा हे विचारत नाहीत. आजोबांनी भिंतीवरचे देव उतरवून तो लावला, तेव्हापासून घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद त्या फोटोमागं जातो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, माझं दहावीचं मार्कमेमो, अप्पांचं कारखान्यातलं नेमणुकीचं पत्र. तिथं ठेवलेला कागद हरवत नाही अशी घराची श्रद्धा आहे. श्रद्धा सोडलेल्या घरातही एखादी ठेवावी लागते.

मला कायद्याला प्रवेश मिळाला त्या दिवशीच मी वकील झालो. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत गावातली माणसं कागद घेऊन ओट्यावर बसायला लागली. मी म्हणायचो, मी अजून शिकायलोय. त्यांना तो माझा विनय वाटायचा. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोराकडून कोणी पोट फाडून घेत नाही. कायद्याचं तसं नसतं. गावाच्या मते कायदा म्हणजे इंग्रजी वाचता येणं आणि न घाबरणं. मला त्यातलं पहिलं थोडं येत होतं.

आत्यानं तर माझं नावच टाकून दिलं. "वकीलसाब, भाकर थंड व्हायलीय," अशी हाक मारायची. तिची ती थट्टा होती, पण दारावरून कोणी चाललं असेल तर आवाज थोडा वाढायचा.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत तिचा फोन आला. मी खानावळीत जेवत होतो.

"वकीलसाब, कोर्टातला कागद आलाय."

"कशाचा?"

"मला काय ठावं? कन्नडात हाय. हा एवढा शिक्का हाय. कोर्टाचा अमीन आलता. म्हणला, घ्या आन् सही करा. केली."

"कुणाकडून वाचून तरी घ्यायचीस."

"कामून? तू हायस की. तू हायस म्हणून तर बिनघोर केली." मग म्हणाली, "अंगणवाडीच्या बाईला सांगून फोटो धाडू का तुझ्या मोबाईलवर?"

माझ्या पुढ्यात आमटी होती आणि शेजारी दोन महिन्यांनी येणाऱ्या स्पर्धेचे शंभरेक पानांचे कागद होते. मी म्हणालो, "राहू दे. आल्यावर बघतो. पहिल्या तारखेला काई होत नसतंय."

"बरं. मग फोटोमागं ठेवते. अप्पाबी तेच म्हणलाय, घरात वकील असताना बाहेरचा कशाला."

पहिल्या तारखेला काही होत नसतं, हे मला कोणत्याही प्राध्यापकानं शिकवलं नव्हतं. ते मी हवेतून घेतलं होतं. कोर्टं संथ असतात, तारखा पडत राहतात, आजोबाच्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, हे सांगून मी वसतिगृहात लोकांना हसवायचो. समारंभ, भाषणं, विद्यापीठाचं बोधवाक्य, यांपैकी कशावरच माझा विश्वास नव्हता. न्यायालयाच्या संथपणावर मात्र होता. माझ्याजवळ असलेला तो एकमेव विश्वास, आणि त्याच्या भरवशावर मी आत्याला सोडून दिलं.

गंमत म्हणजे, समन्स हातात पडल्यापासून तीस दिवसांत जबाब द्यायचा असतो, हे वाक्य माझ्या पुस्तकात लाल पेनानं अधोरेखित होतं. परीक्षेत आलं असतं तर मी त्यावर दोन पानं लिहिली असती. रविवारी सकाळच्या गाडीनं बिदरला जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. त्या दोन महिन्यांत सात-आठ रविवार आले. ते मी एका बेटावर घालवले.

बेट काल्पनिक होतं. स्पर्धा अभिरूप न्यायालयाची, म्हणजे खोट्या खटल्यात खरे कोट घालून वाद घालायचा. त्या वर्षीचा खटला दोन देशांचा. दोघांच्या मधल्या समुद्रात एक ओसाड बेट, ते कुणाचं? माझा जोडीदार माझ्याच खोलीत राहणारा, आळंदच्या बाजूचा. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कारंजाचं धरण. आम्ही दोघं पहाटेपासून ग्रंथालयाच्या पायरीवर बसून भरती-ओहोटीची रेषा कुठून मोजायची यावर भांडायचो.

"अण्णा," तो एकदा म्हणाला, "हे बेट आपल्याला मिळालं तर त्यावर तूर येईल का रे?"

"खारट येईल."

"मग सोडून देऊ की."

सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण आम्ही तयारी फार चांगली केली.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात दीपप्रज्वलन होतं. वारा लागून ज्योत विझते म्हणून पंखे बंद केले. पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश, तासभर उशिरा आले. तोवर भाड्याच्या कोटांत बसलेले आम्ही चाळीस भावी वकील गुपचूप घाम पुसत होतो. मग पाहुण्यांना डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, हार, फळांची परडी. मग प्राचार्यांना शाल. मग ज्यांनी शाली आणल्या त्यांना शाल. पाहुणे म्हणाले की न्याय शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंखे तरीही बंदच होते, कारण लावायला सांगायचं कुणी हा प्रोटोकॉलचा प्रश्न होता. त्या वेळी शेवटचा माणूस कोळारच्या बाजूच्या शेतात तुरीच्या काड्या गोळा करत होता आणि त्याचा कागद फोटोमागं होता. मला तो आठवलाही नाही. आठवला असता तर निदान मी स्वतःला ढोंगी म्हणवून घेतलं असतं, तेही जमलं नाही.

अंतिम फेरीत परीक्षकांनी मला विचारलं, "बेट तुमचं होतं, तर समोरच्या देशानं तिथं निशाण लावलं तेव्हा तुमचा देश इतकी वर्षं गप्प का बसला?"

मी ताडकन म्हणालो, "गप्प बसणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे."

सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही बेट जिंकलं.

करंडक धरलेला, कोटातला फोटो मी अप्पांना धाडला. दोन दिवसांनी त्यांनी उलटा फोटो धाडला. गावाच्या कमानीजवळ त्यांच्या पाळीतल्या मित्रांनी फ्लेक्स लावला होता. एका बाजूला भिंतीवरचा निळा कोट, दुसऱ्या बाजूला माझा भाड्याचा काळा. मध्ये 'हार्दिक अभिनंदन', आणि माझ्या नावाआधी ठसठशीत अक्षरांत 'अ‍ॅड.'

मी फोन केला. "अप्पा, ते अ‍ॅड. कामून लिवलं? मी वकील व्हायला अजून दोन वर्षं हायत."

"फ्लेक्स दोन वर्षं टिकत न्हाई रे," अप्पा म्हणाले. "आत्ताच लिवून घ्यावं लागतंय."

मी हसलो आणि फोन ठेवला. काढायला लावला नाही. खरं सांगायचं तर, पेटे आणि परड्यांना नावं ठेवणाऱ्या मला ती दोन अक्षरं आवडली होती. त्या दिवशी मी तो फोटो तीनचार वेळा मोठा करून बघितला.

परीक्षा संपवून मे महिन्याच्या शेवटी मी घरी गेलो. आत्या अंगणात भांडी घासत होती. हात धुऊन आत आली, मला पाणी दिलं आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "बरं झालं आलास. माझ्या दिरांनी शेतात सिमेंटचे खांब रोवलेत. कोर्टाचा हुकूम हाय म्हणतात. मी म्हणलं, थांबा, माझा वकील येऊ द्या."

"कधी रोवले?"

"झाला की महिना. तुझी परीक्षा होती, म्हणून न्हाई सांगितलं."

तिनं फोटोमागं हात घातला, कागद काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. तो जसा आला होता तसाच होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड मी बोलतो सरळ आणि वाचतो अडखळत, त्यातून कोर्टाचं कन्नड. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दिरांनी दावा लावला होता की जमीन एकत्र कुटुंबाची आहे, वहिनीचा ताबा कधीच नव्हता. हजर राहायची तारीख बेटाच्या आठवड्यातली होती. शेवटची ओळ अशी की आपण हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत निकाल होईल.

"काय लिवलंय?" आत्यानं विचारलं. अप्पाही पाळीवरून येऊन दारात उभे होते. दोघांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, काळजी नव्हती. मी काय लिहिलंय ते सांगितलं. मग ते दोघं माझ्याकडं बघत राहिले, कारण त्यांच्या हिशेबानं आता माझं काम सुरू व्हायचं होतं.

बिदरच्या कोर्टासमोर एक म्हातारे वकील बसतात, अप्पांच्या ओळखीचे. आत्याला घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. निकाल एकतर्फी लागला होता आणि तो रद्द करून घ्यायचा अर्ज तीस दिवसांत द्यायचा असतो, तेही दिवस उलटले होते. त्यांनी कागद बघितले, चष्मा काढला आणि मला विचारलं, "मियाँ, इत्ते दिन कां थे तुमे?"

"गुलबर्ग्याला. लॉ शिकतोय."

त्यांनी चष्मा परत लावला. मग मराठीत आले. "अर्जात कारण द्यावं लागतं बेटा, पुरेसं कारण. काय लिहू? भाचा वकिली शिकत होता म्हणून उशीर झाला, असं लिहू?"

मग त्यांनी आत्याकडं वळून वाट दाखवली. समन्सवरची सही तुमची नाहीच, असं म्हणायचं. अमीन आलाच नाही, कुणीतरी परस्पर सही ठोकली. सही वेडीवाकडी आहे, असं होतं कधीकधी. मग दावा पहिल्यापासून सुरू होईल.

वकिलांच्या टेबलावर त्या सहीची नक्कल होती. आत्यानं ती हातात घेतली. तिची सही मी चौथीत असताना पाटीवर शिकवली होती. पहिलं अक्षर तिला जमायचं नाही, ते अजूनही उलट्या बाजूला झुकतं. त्यानंतर तिनं कुठंच अंगठा दिला नाही. रेशनच्या दुकानात रांग थांबवून सही करायची.

"ही माझीच हाय," ती म्हणाली.

"अहो, तुमचीच आहे. पण नाही म्हणायचं."

"कशी न्हाई म्हणू? ह्यानंच शिकवली. न्हाई म्हणलं तर मला सही येत न्हाई असं व्हईल की."

मी तिला बाहेर नेऊन समजावलं. जमीन वाचेल, एवढ्या एका वाक्यानं वाचेल. खोटं बोल असं मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पक्षकाराला सांगत होतो, म्हणजे तेवढ्यापुरता वकील झालोही होतो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू म्हणतूस तसं बोलले, आन् तिथं मला सही करून दाखव म्हणले, तर मी मुद्दाम वाकडी करू का?" तिला ते करता आलं नसतं. सही नीट करायची तिला सवय लागली होती.

मग वकिलांनी उरलेलं कारण लिहिलं. अर्जदार अशिक्षित विधवा, कन्नड वाचता येत नाही, कायद्याची माहिती नाही, अज्ञानामुळे उशीर झाला. कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, हे मला पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्यांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "कभी कभी चलता है."

सुनावणी पावसाळा संपता संपता झाली. न्यायाधीश तरुण बाई होत्या, शांत, कुणाला शाल देण्याघेण्याच्या भानगडीत नसलेल्या. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्या प्रत्येक फाईल खरोखर वाचत होत्या. मी पांढरा शर्ट घालून मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. आमच्या वकिलांनी अज्ञान सांगितलं. दिरांचे वकील उठले आणि एकही शब्द न बोलता एक फोटो पुढं केला.

मला लांबूनही ओळखता आला. कमान, निळा कोट, काळा कोट, हार्दिक अभिनंदन.

"हे कोण?" बाईंनी कन्नडात विचारलं.

"अर्जदाराचा भाचा," दिरांचे वकील म्हणाले. "एकाच घरात राहतात. समन्स मिळालं त्याच हंगामातला फ्लेक्स आहे, मॅडम. नावाआधी काय लिहिलंय तेही बघावं."

"अ‍ॅडव्होकेट आहेत?"

आमचे वकील खाली बघत म्हणाले, "नाही मॅडम. स्टुडंट."

कुणीतरी मागं हसलं. फार नाही, कोर्टात हसतात तेवढंच. आत्याला कन्नड बोललेलं कळतं. तिनं मान वळवून मला शोधलं, आणि मी सापडल्यावर परत पुढं बघायला लागली. गप्प बसणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हे माझं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. पण तिथं बोलायची मला परवानगी नव्हती. त्यासाठी अजून दोन वर्षं होती.

अर्ज फेटाळला गेला. हुकमात लिहिलं होतं की घरात कायद्याचं शिक्षण घेणारी व्यक्ती असताना अज्ञानाचं कारण मान्य करता येत नाही. मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. त्यात खोट काढता येत नाही. मी न्यायाधीश असतो तर असंच लिहिलं असतं, बहुधा याहून लांबलचक.

हुकमाची नक्कल मिळाली त्या दिवशी आम्ही तिघं घरी बसलो होतो. फ्लेक्स अप्पांनी कधीच उतरवून शेळ्यांच्या छपरावर बांधला होता. माझा अर्धा चेहरा कुडाच्या आत गेला होता, 'अ‍ॅड.' तेवढं बाहेर होतं. अप्पांनी सवयीनं कागद उचलला आणि फोटोकडं हात नेला.

"तिथं नको," आत्या म्हणाली. "हिकडं दे." तिनं तो पिशवीत घातला, जी घेऊन ती शेताला जायची. मग मला विचारलं, "आता म्होरं काय असतंय?"

"अपील असतंय."

"किती दिसांत?"

मी सांगितलं. बरोबर सांगितलं.

"लिवून दे चिठ्ठीवर," ती म्हणाली. "उद्या बिदरला जाऊन बाहेरच्या वकिलाला इचारून घेते."

अप्पा म्हणाले, "अक्का, अगं पोरगं सांगायलंय की..."

"सांगू दे. इचारून घेते."

अपील तिनं वेळेत केलं. ते अजून चालू आहे आणि तारखा पडतायत. कोर्टं संथ असतात हे माझं म्हणणं आता कुठं खरं ठरतंय. शेतात दिरांनी गोदाम बांधलंय. वरच्या कोर्टाच्या हुकमानं ते उठेल असं मला वाटत नाही, आणि आत्यालाही वाटत नसावं, कारण ती आता कोळारलाच एका दुसऱ्या गोदामात धान्य निवडायला जाते. मी शेवटच्या वर्षाला आहे. कोट अजूनही भाड्यानंच आणतो. मागच्या परीक्षेत 'पुरेसं कारण म्हणजे काय, उदाहरणांसह स्पष्ट करा' असा प्रश्न आला होता. तो मी सोडून दिला.

सुट्टीला गेलो की आत्या पूर्वीसारखंच करते. पाणी देते, माझ्या आवडीची तुरीच्या डाळीची आमटी करते. डाळ आता दुकानातून आणते. मग चुलीजवळून हाक मारते. आवाज वाढवत नाही, दारावरून कोणी चाललं असलं तरी.

"लेकरा, ये. भाकर थंड व्हायलीय."